फिट सुरू कुठून झाली?

अगं, दोन कागदांवर दोन वेगळी नावं आली म्हणून दोघांपैकी एक डॉक्टर चुकले, असं धरून बसू नकोस. नर्सिंग होमच्या डिस्चार्ज कार्डावर 'जीटीसीएस' लिहिलंय आणि न्यूरॉलॉजिस्टनी पिल्लूच्या त्याच फिटला 'फोकल टू बायलॅटरल टॉनिक-क्लॉनिक' म्हटलंय. तू पाठवलेले दोन्ही फोटो मी मोठे करून वाचले. रात्रभर गूगलवर शोधत बसलीस आणि आणखी घाबरलीस, ते तुझ्या आवाजावरून कळत होतं. म्हणून फोनवर अर्धवट बोलण्यापेक्षा सगळं लिहूनच पाठवतेय. पिल्लू झोपला की सावकाश वाच.

मी डॉक्टर नाही. पण लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून भाऊजींच्या फिट्सचं सगळं बघत आलेय. बेंगळुरूच्या निम्हान्स हॉस्पिटलच्या बाकांवर बसून, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून जे समजलं, ते पक्कं समजलंय. गोळी किती, कधी बदलायची, कधी बंद करायची, हे तुझ्या डॉक्टरांनीच ठरवायचं. मी लिहितेय ते त्यांचं बोलणं तुला कळावं आणि तुझं बोलणं त्यांना उपयोगी पडावं, एवढ्यासाठी.

आधी त्या सकाळकडे ये. नर्सिंग होममध्ये पोचलात तेव्हा फिट थांबलेली होती, पोर मलूल होऊन बाबांच्या खांद्यावर झोपलं होतं. जे झालं ते सांगितलं जावईबापूंनी. ते आंघोळीहून धावत आले तेव्हा त्यांना काय दिसलं? सगळं अंग ताठ, मग दोन्ही हातापायांना झटके, तोंडाला फेस. ताठ होणं म्हणजे टॉनिक, एका लयीत झटके येणं म्हणजे क्लॉनिक, आणि दोन्ही बाजूंना दिसलं म्हणून जनरलाइज्ड. यांचंच आखूड रूप जीटीसीएस. सांगितलं त्यावरून तिथल्या डॉक्टरांनी लिहिलं, त्यात खोट काढण्यासारखं काही नाही. 

पण न्यूरॉलॉजिस्टनी तुला विचारलं, "त्याच्या आधी तो काय करत होता?" आणि मग तू सांगितलंस. तू डबा भरत होतीस, तो टेबलाशी दूध पीत बसला होता. पेला हातातच राहिला. दोनदा हाक मारलीस तरी ओ नाही. नजर समोर, पण तुझ्याकडे नाही. तोंडात घास नसताना काहीतरी चघळतोय, उजव्या हातानं शर्टाचं बटण चाळवतोय. मग मान हळूहळू डावीकडे वळली आणि वळतच गेली, डावा हात कडक झाला, आणि मग तो खुर्चीवरून खाली आला. जावईबापू आले ते त्यानंतर. सगळं निदान त्या पहिल्या अर्ध्या मिनिटात होतं, आणि ते फक्त तू पाहिलं होतंस.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक इशाऱ्यांनी बोलतात. पुष्कळशा पेशी एकाच वेळी भलत्याच जोरात इशारे द्यायला लागल्या की फिट येते. आता हे सुरू दोन तऱ्हांनी होतं. तुमच्या अपार्टमेंटमध्ये एका फ्लॅटमध्ये शॉर्टसर्किट होऊन ते वाढत वाढत अख्ख्या इमारतीचे दिवे जातात, तसं एक. आणि खालचा ट्रान्सफॉर्मरच बिघडून सगळ्या मजल्यांवर एकदम अंधार होतो, तसं दुसरं. शेवटी रस्त्यावरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळा काळोखी इमारतच दिसते. पहिली फोकल, म्हणजे मेंदूच्या एका बाजूच्या एका भागातून निघालेली. दुसरी जनरलाइज्ड, म्हणजे सुरुवातीपासूनच दोन्ही बाजूंच्या जाळ्यात पसरलेली. पिल्लूची फिट एका जागी सुरू झाली, मग दोन्हीकडे पसरली. डॉक्टरांनी लिहिलेल्या त्या लांबलचक नावात एवढीच गोष्ट आहे. मान अशी जोरात एका बाजूला ओढली जाते तेव्हा उगम बहुधा मेंदूच्या विरुद्ध अर्ध्यात असतो, हेही त्यांना तुझ्या सांगण्यातून मिळालं.

तू मला म्हणालीस, "ताई, एकदाच तर आली, लगेच एपिलेप्सी कसं म्हणतात?" प्रश्न रास्त आहे. नियम असा आहे की, ताप, रक्तातली साखर किंवा सोडियम उतरणं, डोक्याला नुकताच मार, असं तात्कालिक कारण नसताना चोवीस तासांहून जास्त अंतरानं दोन फिट्स आल्या तर एपिलेप्सी म्हणायचं. २०१४ पासून यात आणखी एक भर पडली: एकच आलेली असली, पण तपासण्यांवरून पुढची येण्याची शक्यता साठ टक्के किंवा त्याहून जास्त दिसत असली, तरी म्हणायचं. पण पिल्लूच्या बाबतीत मुळात ती एकच नव्हती गं. आठव, गणपतीत तू म्हणाली होतीस, हा मधेच कुठेतरी हरवतो, हाक ऐकत नाही, मग 'काय झालं' म्हणून विचारतो. त्याच्या टीचरनीही डायरीत लिहिलं होतं की वर्गात लक्ष नसतं. डॉक्टरांनी त्या सगळ्या हरवण्यांना फिट धरलंय. पुष्कळ घरांत असंच होतं: मोठी फिट येते तीच पहिली वाटते, आणि मागच्या कित्येक लहान फिट्सना वेंधळेपणा म्हणून रागावून झालेलं असतं. त्याला तू रागावलीस म्हणून रडत बसू नकोस. रागावण्यानं फिट्स वाढलेल्या नाहीत.

आता फोकलच्या पुढे त्यांनी काय लिहिलंय बघ. फिट कुठून सुरू झाली हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि फिटमध्ये माणसाची शुद्ध शाबूत असते का, हा दुसरा. काही जण पूर्ण जागे असतात. एक हातच फडफडतो, किंवा पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं, नसलेला वास येतो, न पाहिलेली जागा ओळखीची वाटते. बोलता येतं, सगळं आठवतं. हीसुद्धा फिटच. पूर्वी जिला 'ऑरा' म्हणजे फिटची चाहूल म्हणायचे, ती बहुतेक वेळा हीच छोटी फिट असते. दुसऱ्या प्रकारात शुद्ध झाकोळते, पिल्लूसारखी. डोळे उघडे असतात म्हणून घरच्यांना वाटतं पोर जागं आहे, मुद्दाम दुर्लक्ष करतंय.

ही नावं बदलत आलीत, म्हणून जुन्या फाइली वाचताना गोंधळ होतो. भाऊजींच्या जुन्या फाइलवर 'कॉम्प्लेक्स पार्शल' लिहिलेलं आहे. आज तीच फिट 'फोकल, शुद्ध झाकोळलेली' अशी नोंदली जाते. त्याहून जुने लोक मोठ्या फिटला ग्राँ माल आणि लहान फिटला पेटी माल म्हणायचे. वर्गीकरण ठरवते ती इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी, १९०९ साली बुडापेस्टमध्ये स्थापन झालेली. तिनं १९८१ मध्ये फिट्सची आणि १९८९ मध्ये एपिलेप्सीच्या आजारांची यादी केली, २०१७ मध्ये दोन्ही नव्यानं मांडल्या, आणि २०२५ मध्ये फिट्सची यादी आणखी आटोपशीर केली. आपल्याकडे चरकसंहितेतही अपस्माराचे वातज, पित्तज, कफज आणि सान्निपातिक असे चार प्रकार केलेले आहेत. सगळ्या फिट्स सारख्या नाहीत, हे फार जुन्या वैद्यांनाही दिसत होतं. मला यात दिलासा वाटतो. 'फिट येते' एवढ्यावर थांबलं की मागे फक्त भीती उरते. प्रकार कळला की उपाय सुरू होतो.

उपाय म्हणजे काय, ते सांगते, कारण नावासाठी इतका कीस का पाडायचा ते इथे कळेल. पिल्लूला डॉक्टरांनी ऑक्सकार्बाझेपाइन दिलंय. फोकल फिट्सना ते चांगलं लागू पडतं. पण समज, त्याचं ते हरवणं 'अॅब्सेन्स' प्रकारचं असतं, जे जनरलाइज्डमध्ये मोडतं, तर हेच औषध त्याच्या फिट्स वाढवू शकलं असतं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात: मूल टक लावून बघतं. फरक बारकाव्यात आहे. अॅब्सेन्स अचानक येते, दहा-पंधरा सेकंदांत अचानक जाते, मूल बोलता बोलता थांबलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू करतं. दिवसातून कितीतरी वेळा होतं. फोकल फिट जास्त टिकते, बऱ्याचदा मिनिटभर किंवा त्याहून अधिक, आणि नंतर मूल थोडा वेळ गोंधळलेलं, थकलेलं असतं. म्हणूनच ई.ई.जी.च्या, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या इशाऱ्यांच्या नोंदीच्या, वेळी त्याला तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावलं. उपचार न झालेली अॅब्सेन्स असली तर त्यानं ती बहुतेक वेळा तिथल्या तिथे दिसते. पिल्लूच्या नोंदीत ती दिसली नाही. तंत्रज्ञ बाई त्याच्या केसांना पेस्ट लावून तारा चिकटवत होत्या तेव्हा तुला वाटलं की पोराला शॉक देताहेत. त्या तारांतून आत काही जात नाही, फक्त नोंद बाहेर येते.

हे फक्त अॅब्सेन्सपुरतंच नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलीचं उदाहरण तुला मागे सांगितलं होतं, ती पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, अभ्यासाला जागरणं करायची. सकाळी उठल्या उठल्या हातातून कंगवा उडायचा, कॉफीचा पेला सांडायचा. घरात तिला धांदरट म्हणत. एका पहाटे मोठी फिट आली तेव्हा डॉक्टरांनी हातातून वस्तू उडण्याबद्दल मुद्दाम विचारलं. ते बारीक झटके म्हणजे मायोक्लॉनस, आणि आजार जुव्हेनाइल मायोक्लॉनिक एपिलेप्सी. तिथे कार्बामाझेपाइनच्या घरातली, म्हणजे पिल्लूच्या औषधासारखी, औषधं झटके वाढवू शकतात. व्हॅल्प्रोएट छान चालतं, पण मुलीला ते देताना फार विचार करावा लागतो, कारण गरोदरपणात त्यानं बाळाला व्यंग येण्याचा आणि बुद्धीवर परिणाम होण्याचा धोका मोठा आहे. एका कंगव्याच्या गोष्टीवरून औषध बदलतं. म्हणून म्हणते, डॉक्टर विचारतील तेव्हा 'फिट आली' एवढं सांगून थांबू नकोस.

आता भाऊजींचं सांगते. ते तुला कधी नीट सांगितलं नव्हतं, कारण सासूबाईंना आवडायचं नाही. आज त्या स्वतःच म्हणाल्या, "सांग तिला, धीर येईल."

आमचं सासर मंड्याकडचं. रविवारी सकाळी अंगाला तेल चोळून डोक्यावरून कढत पाण्याची आंघोळ, ही इथली जुनी रीत. इथे तिला तलेस्नान म्हणतात. मागच्या न्हाणीत तांब्याचा मोठा हंडा, खाली जाळ, आणि मुलाला पाटावर बसवून चोंबूनं, म्हणजे लोट्यानं, डोक्यावर एकामागून एक भराभर पाणी ओतायचं. भाऊजी मोठे झाले आणि स्वतः आंघोळ करायला लागले तेव्हा एकदा सासूबाईंना दिसलं की मुलगा थांबतच नाही. टक लावून बसलाय, हातात चोंबू, आणि पाणी डोक्यावर ओतत चाललाय. हाक मारली तर ऐकू येत नाही. त्यांना वाटलं, पोराला पाणी सुखाचं लागतंय. पुढच्या रविवारी तो तिथेच पडला आणि झटके आले. गावात कोणी देवाचं म्हणालं, कोणी न्हाणीघरातल्या बाधेचं.

याला हॉट वॉटर एपिलेप्सी म्हणतात, आणि जगात तिचं माहेर म्हणावं तर हा आपला दक्षिण कर्नाटक. पहिली नोंद १९४५ मधली न्यूझीलंडची आहे, तुर्कस्तानातही रुग्ण सापडले, पण इतक्या मोठ्या संख्येनं इकडेच. बेंगळुरूचे डॉ. के. एस. मणी यांनी तिच्यावर सुरुवातीचं काम केलं. पुढे निम्हान्सचे संचालक झालेले डॉ. पी. सतीशचंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये २७९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाणी साधारण ४० ते ५० अंश सेल्सिअस, ओतायचं ते डोक्यावर, आणि तेही भराभर. बायकांपेक्षा पुरुष आणि मुलगे जास्त. काही जणांना त्या क्षणी इतकं बरं वाटतं की ते ओतणं थांबवूच शकत नाहीत. सासूबाईंनी जे पाहिलं होतं, ते बाधा नव्हती आणि हट्टही नव्हता. फिटच होती ती, आणि पुस्तकात लिहिलेली.

वर्गीकरणात ही कुठे बसते, हे मी खूप दिवस विचारत होते. उत्तर मिळालं ते असं: पाणी हे निमित्त, प्रकार वेगळा. अशा एपिलेप्सीला रिफ्लेक्स एपिलेप्सी म्हणतात, म्हणजे ठरावीक निमित्तानं फिट येते. कुणाला लुकलुकत्या उजेडानं, कुणाला वाचताना, कुणाला कढत पाण्यानं. पण आलेली फिट फोकल आहे की जनरलाइज्ड, हे तरीही वेगळं बघावंच लागतं. सतीशचंद्रांच्या रुग्णांत साधारण दोन तृतीयांश लोकांच्या फिट्स फोकल होत्या, भाऊजींसारख्या. उपायही असेच थरांचे. पाणी कोमट, आधी अंगावर, डोक्यावर शेवटी आणि थोडंच. काहींना डोक्यावरून आंघोळ करायच्या दिवशी दीड-दोन तास आधी क्लोबाझमची गोळी पुरते. काहींना पुढे पाण्याविनाही फिट्स यायला लागतात, मग रोजचं औषध. भाऊजी त्या दुसऱ्या गटातले. पण आज ते बँकेत आहेत, दोन मुलींचे बाप आहेत, आणि गेली कित्येक वर्षं फिट नाही. न्हाणीघराची कडी आतून लावायची नाही, हा नियम मात्र घरात अजून आहे. तुझ्याकडेही कर. कढत पाण्याचा पिल्लूशी काही संबंध नाही, पण फिट कुठेही येऊ शकते, आणि बादलीभर पाणी, गच्चीचा कठडा, स्विमिंग पूल या तीन जागी मोठं माणूस जवळ हवंच.

एमआरआयचं तुला सगळ्यात जास्त भय आहे ना? तिसरा प्रश्न कारणाचा, आणि एमआरआय त्यासाठी. कारणांचे त्या लीगनं सहा कप्पे केलेत: मेंदूच्या रचनेतलं काही, जनुकीय, जंतुसंसर्ग, चयापचयातला बिघाड, शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीचा मेंदूवर हल्ला, आणि 'अजून कळलेलं नाही'. शेवटचा कप्पा बराच भरलेला असतो, त्यामुळे एमआरआय स्वच्छ आला तर 'मग याला फिट्स का' म्हणून पुन्हा घाबरू नकोस. आणि एकाच माणसाचं कारण दोन कप्प्यांत बसू शकतं. आपल्याकडे मुलांमध्ये एक छोटी गाठ स्कॅनवर दिसते, पुष्कळदा ती फितकृमीच्या अळीची असते, न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणतात. ती मटण-मासे खाणाऱ्यांनाच होते हा गैरसमज आहे. फितकृमीची अंडी न धुतलेल्या भाजीतून, अस्वच्छ हातांतून पोटात जातात, शाकाहारी घरांतही. ती संसर्गातही मोडते आणि रचनेतही. ऐकायला भयंकर वाटलं तरी औषधांनी ती बऱ्याच मुलांत विरून जाते.

एवढं सगळं जुळलं, म्हणजे फिटचा प्रकार, वय, ई.ई.जी., कारण, की काही मुलांच्या आजाराला एक ठरलेलं नाव मिळतं, सिंड्रोम म्हणतात त्याला. नाव ऐकून दचकू नकोस, त्यातली काही नावं शुभवार्ता असतात. रोलँडिक एपिलेप्सी नावाची एक आहे: शाळकरी मूल, झोपेत तोंडाची एक बाजू थरथरते, लाळ गळते, बोलता येत नाही पण ऐकू येतं. ती फोकलच, पण वयात येईपर्यंत आपोआप जाते. पिल्लूच्या फिट्स तशा दिसत नाहीत, हे खरं. डॉक्टरांनी अजून सिंड्रोमचं नाव घातलेलं नाही, तर तूही स्वतः शोधून लावू नकोस. सगळ्यांना असं नाव मिळत नाही आणि त्यानं उपचार अडत नाही. दहातल्या सातांच्या आसपास लोकांच्या फिट्स औषधांनी आटोक्यात येऊ शकतात. नीट निवडलेली दोन औषधं पुरेशा मात्रेत देऊनही थांबल्या नाहीत तरच पुढचं बघायचं, आणि तेव्हासुद्धा फोकल असणं कामी येऊ शकतं. उगमाची जागा पक्की सापडली, ती काढण्याजोगी असली तर शस्त्रक्रिया होते. निम्हान्समध्ये होते, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रामध्ये होते.

तुला एकटं वाटू नये म्हणून एक सांगते. निम्हान्सच्या तज्ज्ञांनी बेंगळुरू आणि आसपासच्या खेड्यांत घरोघर जाऊन मोजणी केली होती, ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. हजार माणसांत जवळपास नऊ जणांना एपिलेप्सी निघाली, आणि खेड्यात शहराच्या दुप्पट. होसूर रोडवरच्या त्या ओपीडीत जाऊन बसलीस की दिसेल. 'फिट्स बंतु', म्हणजे फिट आली, असं म्हणत मंड्या-कोलारचे लोक आलेले असतात. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून बेळगाव-मिरजेकडची आपली माणसं येतात, कन्नड येत नाही म्हणून कागद हातात धरून आजूबाजूला बघतात. त्यांना मी पुष्कळदा रांग दाखवलीय.

पुढच्या वेळी फिट आली तर काय करायचं ते आता तुझ्या हातात आहे. पोर कुशीवर, मान थोडी मागे, आजूबाजूचं खुर्ची-टेबल लांब, डोक्याखाली काही मऊ, आणि घड्याळाकडे नजर. तोंडात चमचा, बोट, पाणी काही नाही. कांदा, चप्पल, किल्ल्या यांनी फिट थांबत नाही. ती बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपली आपण थांबते, आणि श्रेय चपलेला मिळतं. तुमच्या घरच्या आत्याबाई आणतील कांदा, त्यांना हातानं दूर कर, भांडत बसू नकोस. पाच मिनिटं उलटली, किंवा शुद्धीवर न येता लगेच दुसरी आली, तर नाकात मारायचा मिडाझोलॅमचा स्प्रे आणि हॉस्पिटल. तो स्प्रे डॉक्टरांकडून लिहून घे आणि कसा मारायचा ते जावईबापूंनाही शिकव. औषधानं अंगावर पुरळ उठलं तर मात्र वाट न बघता त्याच दिवशी फोन करायचा.

लहान फिट आली, नुसतं हरवणं, तर तेव्हा एक गोष्ट कर, जी इथल्या एका डॉक्टरांनी भाऊजींसाठी आम्हाला शिकवली. त्याला स्पष्ट आवाजात सांग, "हात वर कर." मग एखादा शब्द दे, "हिरवी बस." फिट संपली की विचार, कुठला शब्द सांगितला होता? हात केला का आणि शब्द आठवला का, एवढ्यावरून शुद्ध किती होती ते डॉक्टरांना कळतं. जावईबापूंना मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला सांग. चेहरा, दोन्ही हात, दोन्ही पाय चौकटीत यायला हवेत, पांघरूण काढून. थांबल्यावरही चालू ठेवायचा, नंतर कुठला हात लुळा पडतो, बोलतो कधी, ते दिसायला हवं. असा व्हिडिओ कधी कधी ई.ई.जी.पेक्षा जास्त सांगतो, कारण फिट नसताना काढलेला ई.ई.जी. नॉर्मल येऊ शकतो, आणि नॉर्मल आला म्हणून आजार नाही असं होत नाही. उलट काही जणांचा व्हिडिओ बघून डॉक्टर सांगतात की ही एपिलेप्सीच नाही. साधी चक्कर आहे, किंवा मनावरच्या ताणातून शरीर घेतं तो झटका आहे. तोही खोटा नसतो, नाटक नसतं, त्याचा उपचार वेगळा असतो. वर्षानुवर्षं नको ती औषधं घेत राहिलेली माणसं मी पाहिलीत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

आणि आता लपवण्याचं. आत्याबाई म्हणाल्या ना, कुणाला कळू देऊ नका, पुढे लग्नात आडवं येईल? नऊ वर्षांच्या पोराचं लग्न! पूर्वी हिंदू विवाह कायद्यात फिट्सचा आजार वेडाच्या झटक्यांच्या शेजारी बसवलेला होता. १९९९ च्या दुरुस्तीनं तो शब्द काढून टाकला. कायद्यानं टाकलं ते आपण घरात का धरून ठेवायचं? शाळेला न सांगण्यात खरा धोका आहे. वर्गात फिट आली आणि कुणी तोंडात पट्टी घातली तर?

शनिवारी सकाळी मी येते. टीचरना द्यायचं पत्र आपण बसून लिहू, इंग्रजीत, एका पानात: कशी दिसते, किती वेळ चालते, काय करायचं, काय करायचं नाही, कुणाला फोन. एक वहीही आणते. तारीख, वेळ, झोपेत की जागेपणी, आदल्या रात्री जागरण झालं का, गोळी चुकली का, आणि सुरुवात कशी झाली, हे त्यात लिहीत जा. डॉक्टरांना एवढं विचार, की एमआरआय एपिलेप्सी प्रोटोकॉलनं करायचा ना. साध्या स्कॅनमध्ये मेंदूच्या टेम्पोरल लोब या भागातला बारीक दोष सुटू शकतो. चिठ्ठीवर तसं लिहून घे, आणि नर्सिंग होमचं कार्ड फाडून टाकलं नसशील तर तेही फाइलला लाव.